स्वप्नांची वही ठेवताय का कोणी? सकाळी काहीच आठवत नाही

रातकिडा: स्वप्नं भरपूर पडतात पण ब्रश करेपर्यंत सगळं साफ, वही आणलीये ती कोरीच. तुम्ही लोक लिहिता कसं?

पहाटपाखरू: जाग आली की लगेच उठू नकोस, कूस पण बदलू नकोस, डोळे मिटून शेवटचं जे दिसलं तिथून मागे मागे जा आणि मगच वही घे. मोबाईलवर नको रे, एक नोटिफिकेशन दिसलं की संपलं. पूर्ण वाक्यं कशाला, "आजीचं माजघर, गुडघाभर पाणी, भीती नाही" एवढं पुरतं, बाकीचं चहा घेताना भर. काय वाटत होतं ते मात्र लिहीच, नंतर वाचताना त्यानेच सगळं परत उभं राहतं.

चांदणी: रेम झोप, म्हणजे ज्या झोपेत ठळक स्वप्नं जास्त पडतात ती, साधारण दर ९० मिनिटांनी येते आणि पहाटेकडे लांबत जाते, म्हणून सुट्टीच्या दिवशी अलार्म न लावता उठून बघ, लांबलचक स्वप्नं तेव्हाच सापडतात. मी प्रत्येकाला सिनेमासारखं नाव देते, खूप मजा येते!

रातकिडा: भारी. मध्यरात्री जाग आली तर लाईट लावायचा का?

पहाटपाखरू: नको, झोप उडते. अंधारातच दोन शब्द खरड.