मदत हवी आहे: प्लाझ्मात अ‍ॅमिलॉइड बीटा ४२ कमी येतोय, उशीर की ट्यूब?

अल्झायमरच्या बायोमार्करसाठी (रक्तात मोजता येणाऱ्या आजाराच्या खुणा) प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशी काढलेला द्रव, साठवतोय. रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमध्ये, ८-१० वेळा हलकेच उलटसुलट करून, २००० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या २००० पट) १० मिनिटं सेंट्रिफ्यूज. मग अर्ध्या मिलीचे भाग करून उणे ८० अंशांवर.

अडचण बाहेरच्या केंद्राच्या नमुन्यांची. तिथं रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवेपर्यंत चार-पाच तास जातात, तेही खोलीच्या तापमानाला. अ‍ॅमिलॉइड बीटा ४२ आणि ४० (एकाच प्रथिनाचे कमी-जास्त लांबीचे तुकडे) दोन्ही घसरलेत, ४२ जास्तच. पी-टाऊ २१७ (अल्झायमरची खूण असलेलं दुसरं प्रथिन) मात्र जागच्या जागी. त्यामुळे संशय उशिरावर आहे. पण तिथं साठवणीला पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या नळ्या वापरतात, आणि अ‍ॅमिलॉइड फार चिकट, नळीच्या भिंतीलाच बसतं. ते कमी चिकटावं म्हणून पॉलिप्रोपिलीनच्या नळ्या कालच पाठवल्या. दोन्ही कारणं वेगळी कशी करायची? एकाच व्यक्तीच्या चार ट्यूब घेऊन वेळ आणि प्लास्टिक आळीपाळीनं बदलणं पुरेल का? न फिरवलेलं रक्त २ ते ८ अंशांवर आणणं चालतं, की केंद्रातच छोटं सेंट्रिफ्यूज बसवावं?

आणखी एक. वितळल्यावर प्लाझ्मात फायब्रिनच्या (रक्त गोठवणारं प्रथिन) पांढुरक्या तारा तरंगतात, मशीनची टिप तुंबते. १०,००० जीवर ५ मिनिटं फिरवून तळाला धक्का न लावता वरचा भाग घेतो, तरी जोडनमुन्यांतला (एकाच नमुन्याच्या दोन मोजमापांतला) फरक २० टक्क्यांवर जातो. प्रत्यक्ष हे काम केलेल्यांनी कृपया सांगा.