मदत हवी आहे : आठव्या महिन्यात फुफ्फुसात गुठळीची शंका, सीटी अँजिओ करावी की परफ्यूजन स्कॅन?

नमस्कार. माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे कोथरूडला आली आहे. तिला आठवा महिना चालू आहे. बसल्या जागी धाप लागणे, दीर्घ श्वास घेतला की उजव्या कुशीत कळ येणे आणि नाडी सतत ११० च्या पुढे राहणे, यामुळे तिला दाखल केले आहे. दोन्ही पायांच्या डॉपलरमध्ये (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) गुठळी दिसली नाही आणि छातीचा एक्स-रेही स्वच्छ आहे. डी-डायमर (गुठळीच्या शंकेसाठी करतात ती रक्तचाचणी) वाढलेला आहे, पण तो गरोदरपणात एरवीही वाढतो. गुठळी ओटीपोटातल्या शिरांतून आलेली असू शकते, त्यामुळे डॉपलर चांगला आला म्हणून शंका मिटत नाही, असे डॉक्टरांनी समजावले. हेपारिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) इंजेक्शने लगेच सुरू केली आहेत. ते औषध वारेतून बाळापर्यंत जात नाही, एवढा तरी दिलासा आहे.

प्रश्न पुढच्या तपासणीचा आहे. सीटी अँजिओ (शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उठून दिसणारे औषध, देऊन फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा काढलेला सीटी स्कॅन) इथेच, रात्रीसुद्धा होऊ शकते आणि धाप दुसऱ्या कशामुळे लागत असेल तर तेही तिच्यात बरेचदा कळते. मात्र आईच्या स्तनांना किरणांची मात्रा जास्त मिळते, आणि गरोदरपणात रक्ताभिसरण बदललेले असल्याने कधीकधी कॉन्ट्रास्ट नीट न भरून चित्र अस्पष्ट येते. परफ्यूजन स्कॅनमध्ये (शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देऊन फुफ्फुसातला रक्तपुरवठा पाहतात) स्तनांना मात्रा बरीच कमी मिळते, आणि एक्स-रे स्वच्छ असेल तर त्यातून बहुधा स्पष्ट उत्तर मिळते. पण त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिन विभाग असलेल्या दुसऱ्या रुग्णालयात रुग्णवाहिकेने न्यावे लागेल.

सासरहून सारखे फोन येत आहेत की बाळ सुखरूप बाहेर येऊ द्या, मग काय ते तपासा. त्यांची काळजी मला समजते, पण थांबणे मला अजिबात पटत नाही. दोन्ही तपासण्यांत बाळापर्यंत पोहोचणारी मात्रा साधारणपणे १ मिलिग्रेपेक्षा (मिलिग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) कमी असते, तर धोक्याचा विचार ५० मिलिग्रेच्या पुढे सुरू होतो. शिवाय बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे गुठळीच्या दृष्टीने अधिकच जोखमीचे असतात. निदान न करता नुसती इंजेक्शने चालू ठेवायची, तर कळा कधी सुरू होतील, पाठीतून भूल देता येईल का, पुढच्या गरोदरपणात पुन्हा इंजेक्शने घ्यावी लागतील का, हे सगळेच प्रश्न एका शंकेवर लटकत राहतील.

रेडिओलॉजी किंवा प्रसूतिशास्त्रात काम करणाऱ्यांनी कृपया सांगावे : एक्स-रे स्वच्छ असताना, केवळ स्तनांची मात्रा वाचवण्यासाठी, धाप लागलेल्या गरोदर बाईला शहराच्या गर्दीतून हलवणे योग्य ठरते का, की हाताशी असलेली सीटी उरकून घ्यावी? परफ्यूजन स्कॅन झाल्यावर भरपूर पाणी पिऊन लघवी वारंवार करायला सांगतात, कारण औषध मूत्राशयात साठते आणि ते गर्भाशयाला लागूनच असते. तिथे याखेरीज आणखी कोणती काळजी घ्यावी?

हीच वेळ बाळंतपणानंतर आली तर सीटीच्या कॉन्ट्रास्टनंतर अंगावर पाजणे थांबवावे लागत नाही, हे कळले आहे. परफ्यूजन स्कॅननंतर मात्र काही ठिकाणी बारा तास दूध काढून टाकायला सांगतात. पुण्यात प्रत्यक्षात काय सांगितले जाते? आणि हलवायचेच ठरले, तर रुग्णवाहिकेत ऑक्सिजनबरोबर डॉक्टरही सोबत असावा, असा आग्रह आम्ही धरावा का?