हवेच्या काखेत थर्मामीटर? रडारने तापमान मोजतात ते कसं?

मुग्धा_कोथरूड:
भाच्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की रडार वर लहर सोडतं आणि परत आलेल्या लहरीवरून वारा कळतो. तो म्हणाला, "मावशी, आभाळ निरभ्र असलं तर लहर आपटते कशावर? आणि तापमानाचं काय, हवेच्या काखेत थर्मामीटर लावतात?" मी गप्प. कोणी सांगेल का?

जुना_तंत्रज्ञ:
भाचा हुशार आहे. तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना दिसते ना, तशी कमीजास्त थरथर वरही असते. ओलाव्याच्या, उष्णतेच्या त्या चढउतारांवरून लहरीचा कणभर भाग परततो. एक झोत सरळ वर, बाकीचे तिरके. त्यावरून वारा निघतो.

तापमानाला मात्र आवाज लागतो. गरम हवेत आवाज जोरात पळतो: २७ अंशाला सेकंदाला ३४७ मीटर, अंशागणिक ०.६ चा फरक. म्हणून भोंगे आभाळाकडे तोंड करून ठेवायचे, शिट्टी सोडायची आणि रडारने तिच्या मागे लागून तिचा वेग मोजायचा; वेगावरून तापमान निघतं. अट एवढीच, की आवाजाची तरंगलांबी रडारच्या निम्मी हवी. पुण्यात पाषाणला हवामान खात्याने असं रडार बसवलं, मुंबईच्या 'समीर' या सरकारी संशोधन संस्थेने बनवलेलं. ते ४०४ मेगाहर्ट्झचं, तरंगलांबी ७४ सेंटीमीटर. म्हणजे आवाज ३७ चा, ९३५ हर्ट्झच्या आसपास. वर हवा गार होत जाते, त्यामुळे एकच सूर धरून भागत नाही, तो खालीवर फिरवावा लागतो.

मी होतो ती जागा वेगळी, नाव नको. रात्री दोनला शिट्टी सुरू झाली की शेजारचे एक आजोबा काठी घेऊन फाटकावर हजर. त्यांना थर्मामीटर आहे म्हणून सांगून बघितलं. म्हणाले, "मग गप बसणारा आणा!"

भोपळ्या:
हवाच वर चढत असेल तर? आवाजाच्या वेगात तोही मिसळणार.

जुना_तंत्रज्ञ:
बरोबर पकडलंत. सेकंदाला एक मीटरने हवा चढली तर पावणेदोन अंशांची चूक. म्हणून त्याच रडारने उभा वारा मोजून वजा करतात. शिवाय दमट हवेत आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, पावसाळ्यात दोन-तीन अंश सहज. जुलैत तर वारा आवाजच झोताबाहेर पळवून नेतो, मग जेमतेम खालचे थर हाती लागतात.

मुग्धा_कोथरूड:
काका, भाचा विचारतोय, आजोबांचं पुढे काय झालं?

जुना_तंत्रज्ञ:
भोंग्यांभोवती जाड कुंपण घातलं. तरी यायचे, चहाला.