घरी शिकवलं तर दहावीचं काय?

ताई, दहावीची काळजी नको. एनआयओएस या केंद्राच्या मुक्त शाळा मंडळातून बसता येतं, वय 14 पूर्ण हवं. आमच्या जळगावकडे खरा प्रश्न उन्हाचा! मे महिन्यात पारा 45 पर्यंत चढतो. म्हणून सकाळी सहालाच प्रार्थना, मग तारखेप्रमाणे बायबलमधल्या नीतिसूत्रांचा एक अध्याय (एकूण 31, महिना बरोबर निघतो), आणि दहाच्या आत गणित उरकायचं. धाकटीला अपूर्णांक कळण्याच्या भाकरीचं पीठ दळताना समजले: ज्वारी चार माप, उडीद एक, म्हणजे उडीद एक पंचमांश. भाकरी थापताना तिने पुन्हा सांगितलं, न विचारता. पोरं एकलकोंडी होतात म्हणणाऱ्यांनी रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात यावं. आमची हाका मारूनही घरी यायला तयार नसतात. शुद्धलेखन मात्र यांच्याकडे सोपवलंय, माझ्या लिहिण्यातही अहिराणी डोकावते.