डॉट-एन्व्ह फाइल लॅपटॉपवर ठेवायचीच नाही, सिक्रेट्स एडिटरनेच आणायची: पटतंय का?

वडाळा_रात्रपाळी

गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या एका मुलाने क्लायंटच्या डेमोत स्क्रीन शेअर केली. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर उघडा होता आणि शेजारच्या टॅबवर डॉट-एन्व्ह फाइल, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारे पासवर्ड आणि कीज साध्या अक्षरांत लिहून ठेवलेली फाइल. दिसली असेल चारेक सेकंद. पण कॉल रेकॉर्ड होत होता आणि त्यात पेमेंटची लाइव्ह की, डेटाबेसचा पासवर्ड, एसएमएसचं टोकन, सगळं ओळीने वाचता येत होतं. त्या रात्री अंधेरीच्या ऑफिसात बसून आम्ही तिघांनी अकरा कीज बदलल्या. शेवटची बदलून झाली तेव्हा पहिली लोकल सुटायची वेळ झाली होती. त्या मुलावर कुणी ओरडलं नाही, हे बरं झालं. ती फाइल तिथे होती, हीच मूळ चूक, आणि ती आम्हा सगळ्यांची होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. सिक्रेट, म्हणजे की, पासवर्ड, टोकन, साध्या अक्षरांत डिस्कवर नकोच. आज वनपासवर्ड, डॉपलर या सिक्रेट्स जपणाऱ्या तिजोरी-सेवांची व्हीएस कोडसाठी एक्स्टेन्शन्स, म्हणजे एडिटरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, आहेत. वनपासवर्डसारख्या व्यवस्थेत कोडमध्ये फक्त निर्देश राहतो, की अमुक तिजोरीतली तमुक नोंद. प्रोग्रॅम चालवताना खरी किंमत मेमरीत येते, प्रोग्रॅम थांबला की जाते. टीमच्या सामायिक तिजोरीत कुणी कधी काय घेतलं याची नोंदही राहते.

'गिटइग्नोअरमध्ये टाकली की झालं', म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटला ती फाइल वगळायला सांगितलं की पुरे, असं म्हणणाऱ्यांना एक विचारते. मार्च २०२२ च्या आवृत्तीपासून व्हीएस कोड प्रत्येक सेव्हला फाइलची प्रत आपल्या लोकल हिस्ट्रीत ठेवतो, तीही प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर, हे किती जणांना माहीत आहे? तुम्ही डॉट-एन्व्ह उडवलीत तरी जुन्या कीज त्या हिस्ट्रीत पडून राहतात. फाइल सेव्ह न करता एडिटर बंद केलात, तरी बॅकअपमध्ये मजकूर राहतो. गिटइग्नोअर यातल्या कशाच्याच आड येत नाही.

डोंबिवली_फास्ट

ताई, रात्रभर जागून कीज बदलल्यात त्याबद्दल खरंच कौतुक. पण उपाय चुकीच्या जागी शोधताय असं मला वाटतं.

व्हीएस कोडची एक्स्टेन्शन्स सँडबॉक्समध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त जागेत, चालत नाहीत. तुमच्या युजरला जे हक्क, तेच त्यांना. लोकल मशीनवर ती सहसा एकाच होस्ट प्रोसेसमध्ये शेजारीशेजारी नांदतात. थीमचं, आयकॉनचं, जेसन नीट मांडणारं, अशी तीस-चाळीस एक्स्टेन्शन्स प्रत्येकाकडे असतात. एक्स्टेन्शनना सिक्रेट्स ठेवायला सिक्रेट-स्टोरेज नावाची सोय आहे आणि ती मजकूर एन्क्रिप्टही करते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करते, मान्य. पण उघडायची किल्ली ज्या युजरच्या की-चेनमध्ये (सिस्टीमच्या पासवर्ड-पेटीत) असते, त्याच युजरच्या नावाने ही सगळी मंडळी वावरतात. २०२१ मध्ये वर्कस्पेस ट्रस्ट आलं, पण ते अनोळखी फोल्डरसाठी. आपणच हौसेने टाकलेल्या एक्स्टेन्शनपासून ते वाचवत नाही.

आज तुमच्या डॉट-एन्व्हमध्ये एका प्रोजेक्टच्या कीज आहेत. उद्या एडिटरला तिजोरीत लॉगिन करून ठेवलंत, तर एडिटरमध्ये शिरलेल्याला अख्खी तिजोरी मिळेल. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्टची तयार पॅकेजेस मिळतात तिथे, शाई-हुलूद नावाचा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) पसरला. तो डेव्हलपरच्या मशीनवर ट्रफलहॉग हे सिक्रेट्स हुडकणारं साधन चालवून टोकन्स शोधायचा आणि पीडिताच्याच गिटहब खात्यात पब्लिक रिपो (सगळ्यांना दिसणारा कोडचा साठा) उघडून त्यात टाकायचा. म्हणजे हल्ला आता थेट आपल्या लॅपटॉपवर येतो, आणि तिथली सगळ्यात गजबजलेली जागा म्हणजे एडिटर. तिजोरी अशा जागी उघडी ठेवणं मला तरी पटत नाही.

माझी पद्धत सांगतो. एडिटरला काहीच ठाऊक नसतं. टर्मिनलमध्ये वेगळी कमांड असते, ती तिजोरीकडून त्या एका रनपुरती सिक्रेट्स मागते आणि प्रोग्रॅमला एन्व्हायर्नमेंटमधून, म्हणजे सुरू होताना सोबत दिलेल्या माहितीतून, देते. मागताना बोटाचा ठसा लागतो. एवढंच.

वडाळा_रात्रपाळी

दादा, एक्स्टेन्शनच्या हक्कांचा मुद्दा मान्य. पण तुमची कमांड चालते व्हीएस कोडच्याच टर्मिनलमध्ये, त्याच युजरने. लिनक्सवर त्याच युजरची दुसरी प्रोसेस प्रॉक या सिस्टीमच्या फोल्डरमध्ये जाऊन प्रोग्रॅमचं एन्व्हायर्नमेंट सर्रास वाचू शकते, शिवाय त्या प्रोग्रॅमने सुरू केलेल्या प्रत्येक चाइल्ड प्रोसेसला ते वारशाने मिळतं. मग भिंत नेमकी कुठे उभी राहिली?

डोंबिवली_फास्ट

भिंत वेळेची आहे. प्रोग्रॅम चालतो तेवढीच मिनिटं, आणि मागितलेली तेवढीच सिक्रेट्स. एडिटर सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उघडा असतो. आणि मी एडिटरबाहेरचं टर्मिनल वापरतो.

गिरगाव_सर्व्हर

वीस वर्षं सर्व्हर सांभाळतोय, म्हणून दोघांनाही थोडं थांबवतो.

आमच्याकडे व्हॉल्ट (सिक्रेट्सच्या तिजोरीचा सर्व्हर) ऑफिसातल्या रॅकवर होता. १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी उभ्या. आमचा यूपीएस काही वेळ टिकला, मग रॅक बंद. वीज आल्यावर सर्व्हर सुरू झाला, पण व्हॉल्ट रीस्टार्टनंतर कुलूपबंद अवस्थेतच उठतो, तशी त्याची रचनाच आहे. उघडायला पाच जणांकडे वाटलेल्या किल्ल्यांपैकी तीन लागतात. लॉकडाऊनमुळे पाचही जण आपापल्या घरी. एक कल्याणला, एक वसईला, दोघांकडेही वीज नाही, फोन लागेना. तिसरा माणूस जोडला गेला तेव्हा संध्याकाळ झाली होती. दिवसभर एकाही डेव्हलपरला प्रोग्रॅम चालवता आला नाही. ज्यांनी गुपचूप जुनी डॉट-एन्व्ह ठेवली होती, तेवढ्यांचंच काम चालू राहिलं. दोष व्हॉल्टचा नव्हे, आमच्या मांडणीचा. पण तेव्हापासून 'डिस्कवर काहीच नको' हे वाक्य माझ्या गळी उतरत नाही.

आणि मूळ प्रश्न कुणीच विचारत नाहीये. वडाळा ताई, रागावू नका, पण तुमच्या त्या मुलाच्या लॅपटॉपवर पेमेंटची लाइव्ह की मुळात आली कशी? पेमेंट गेटवेवाले टेस्ट की वेगळी देतात, ती याच्याचसाठी. डेटाबेसही लोकल डॉकरमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरच्याच वेगळ्या कप्प्यात, पासवर्ड काहीही ठेवा. अशी डॉट-एन्व्ह चार सेकंद काय, चार तास स्क्रीनवर दिसली तरी कुणाला रात्र जागवावी लागत नाही. क्लाउडला हात लावायचाच असेल तर सिंगल साइन-ऑनमधून (सगळीकडे चालणाऱ्या एकाच लॉगिनमधून) काही तासांत मरणारं टोकन घ्या. सिक्रेट लपवण्यावर जेवढी मेहनत चालली आहे, तिच्या अर्ध्या मेहनतीत ते निरुपयोगी करून ठेवता येतं.

वडाळा_रात्रपाळी

रागावले नाही. लाइव्ह की होती, कारण एक बग फक्त लाइव्हवर दिसत होता, कुणीतरी ती 'तात्पुरती' टाकली आणि ती तिथेच राहिली. काका, तुमचं म्हणणं मान्य करूनही सांगते, हे 'तात्पुरतं' प्रत्येक ऑफिसात कधी ना कधी घडतं. तिजोरीतून घ्यायची सवय आणि नोंद असती, तर लाइव्ह की कुणी मागितली हे त्याच दिवशी दिसलं असतं. साध्या फाइलला कोण विचारणार?

कांजूर_ऑडिट

त्या नोंदीबद्दलच बोलायचं होतं. मी ऑडिटच्या बाजूची आहे.

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात, आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सहा तासांत 'ही की कुणाकुणाकडे होती' याचं उत्तर डॉट-एन्व्हवाल्या टीमकडून मला आजवर मिळालेलं नाही. फाइल व्हॉट्सॲपवर गेलेली असते, नोकरी सोडून गेलेल्याच्या जुन्या लॅपटॉपवर असते. एडिटर की टर्मिनल यात मला पडायचं नाही, पण सिक्रेट घेतल्याची नोंद दोन्हीकडे झालीच पाहिजे.

विरार_फ्रीलान्स

तुम्ही सगळे मोठ्या टीमचं बोलताय. मी एकटा, क्लायंट पाच, त्यातले दोन दादरचे दुकानदार. डोकं मोजून दर महिन्याला पैसे घेणारी सेवा मला परवडत नाही, आणि क्लायंटला 'तिजोरी' म्हटलं की तो बिल बघतो. मी सॉप्स आणि एज ही एन्क्रिप्ट करणारी साधनं वापरतो. फाइल एन्क्रिप्ट होऊन रिपोतच राहते, नावं वाचता येतात, किमती नाहीत. दोन्ही फुकट आहेत, आणि विरार लोकलमध्ये नेट गेलं तरी अडत नाही. गिरगाव काकांच्या त्या दिवशीही चाललं असतं.

एकाच गोष्टीची भीती वाटते, आणि तिच्याबद्दल इथे कुणी बोललं नाही. एडिटरमधला एआय असिस्टंट. त्याला 'एरर शोध' म्हटलं की तो फोल्डरमधल्या फाइली वाचत सुटतो, आणि वाचलेला मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जाऊ शकतो. माझ्यासमोर त्याने डॉट-एन्व्ह उघडून ओळी चॅटमध्ये उतरवल्या. मी काही पेस्ट केलं नव्हतं. त्या दिवसापासून साधी फाइल बंद. या एका बाबतीत मी वडाळा ताईंच्या बाजूने.

डोंबिवली_फास्ट

या मुद्द्यावर मीही. पण त्याच असिस्टंटला टर्मिनलमध्ये कमांड चालवायची परवानगी लोक 'नेहमीसाठी' देऊन टाकतात. तिजोरी एडिटरमधून आधीच उघडी असेल, तर तोच हात तिथेही पोचतो. म्हणून बोटाचा ठसा, आणि दर वेळी.

ऐरोली_फ्रेशर

मला नोकरी लागून चार महिने झालेत. वरचं अर्धंअधिक डोक्यावरून गेलं, तरी घरी येऊन माझ्या कॉलेज प्रोजेक्टचा रिपो तपासला. डॉट-एन्व्ह नाही, म्हणून बरं वाटलं. पण लाँच-जेसनमध्ये, म्हणजे व्हीएस कोडच्या सेटिंगच्या फोल्डरातल्या फाइलमध्ये, डीबगसाठी मीच क्लाउडची की लिहून ठेवली होती, आणि तो फोल्डर कमिट झालाय, म्हणजे गिटच्या इतिहासात गेलाय. दोन वर्षांपूर्वीचं कमिट आहे, नंतरच्या कमिटमध्ये मी ती ओळ काढली होती. रिपो प्रायव्हेट आहे. मग चालेल ना? की हिस्ट्री पुसावी लागेल?

वडाळा_रात्रपाळी

नाही चालणार रे. उबरचं २०१६ चं प्रकरण वाच. हल्लेखोर त्यांच्या इंजिनिअर्सच्या प्रायव्हेट रिपोत शिरले, तिथे क्लाउडची की सापडली, आणि तिच्यावरून प्रवासी-चालक मिळून ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. जगाला कळलं नोव्हेंबर २०१७ मध्ये.

ओळ काढलीस तरी जुन्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी आहे. ज्याने रिपो क्लोन केला (स्वतःकडे प्रत घेतली) असेल, त्याच्याकडेही आहे. म्हणून हिस्ट्री पुसायच्या मागे आत्ता लागू नकोस. आधी क्लाउडच्या कन्सोलवर जाऊन ती की रद्द कर. मग त्या खात्याचं बिल आणि लॉग बघ, अनोळखी भागात काही मशीन चालू आहे का. त्यानंतर सवडीने फिल्टर-रेपो या गिटच्या साधनाने हिस्ट्री साफ कर.

डोंबिवली_फास्ट

आणि एडिटरची सेटिंग्ज-जेसन फाइलही बघ. काही एक्स्टेन्शन्स एपीआय की तिथेच लिहायला सांगतात. सेटिंग्ज सिंक चालू असेल तर ती तुझ्या दुसऱ्या मशीनवरही गेली असेल.

ऐरोली_फ्रेशर

की रद्द केली. लॉगमध्ये काही वावगं दिसत नाहीये. सेटिंग्जमध्ये अजून एक टोकन निघालं, भाषांतराच्या एक्स्टेन्शनचं. कॉलेजच्या लॅबमधल्या पीसीवरही मी त्याच खात्याने लॉगिन केलं होतं. तेही आत्ता बदलतोय.