जुलै, ऑगस्ट हे महिने मधेच घुसवलेले नाहीत

असं सांगितलं जातं की रोमन कॅलेंडरमध्ये जुलै आणि ऑगस्ट हे दोन महिने नव्याने घातले, म्हणून नावाने सातवा असलेला सप्टेंबर (लॅटिन 'सेप्तेम' म्हणजे सात) नववा झाला. हे बरोबर नाही. ते महिने आधीपासून होतेच, क्विंतिलिस (पाचवा) आणि सेक्स्तिलिस (सहावा) या नावांनी. पहिल्याचं नाव इ.स.पू. ४४ मध्ये बदलून युलिउस (जुलै) झालं, दुसऱ्याचं इ.स.पू. ८ मध्ये ऑगस्ट. अंक चुकले ते वर्षारंभ मार्चवरून जानेवारीवर गेल्यामुळे. इ.स.पू. १५३ पासून रोमचे कॉन्सल (दर वर्षी निवडले जाणारे दोन सर्वोच्च अधिकारी) १ जानेवारीला पदभार घेऊ लागले होते.

मला जास्त मोह पडतो तो व्याकरणाचा. लॅटिनमध्ये ही सगळी नावं मुळात विशेषणं आहेत. 'मेन्सिस मार्तिउस' म्हणजे मार्स देवाचा महिना. मेन्सिस पुल्लिंगी, म्हणून मार्तिउस. पण महिन्याच्या मध्याचा दिवस 'ईदुस' हा शब्द स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी, म्हणून सीझरचा खून झाला ती १५ मार्च 'ईदुस मार्तिआय'. ज्युलियस सीझरचं युलिउस हे कुलनावही मुळात विशेषणच, त्यामुळे महिन्याला लावताना वेगळा प्रत्यय जोडावा लागला नाही!

आपल्याला हे परकं वाटू नये. चित्रा नक्षत्रावरून चैत्र, आणि तोही संस्कृतात विशेषणच: चैत्र मास, पण चैत्री पौर्णिमा. आषाढ महिना म्हणतो आणि वारीला जातो ती आषाढी एकादशीला. दोन्हीकडे तिथीचं लिंग पाहूनच महिन्याचं रूप बदलतं.