कॉम्प्युटर थंड असताना सुरू होत नाही, वीस मिनिटांनी होतो: एसएमपीएस की मदरबोर्ड?

दादर_७७५

कोअर टू ड्युओ ई७५००, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, दोन डीडीआर३ रॅम, एक साटा हार्ड डिस्क, डीव्हीडी रायटर. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) कॅबिनेटसोबत आलेलाच, वर ४५० वॅट लिहिलंय.

रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं की सकाळी पंगा. पॉवर दाबली की पंखा अर्धा फेरा मारतो आणि थांबतो. मेन्स चालू ठेवून १५-२० मिनिटं थांबलं की पहिल्या दाबात सुरू, मग दिवसभर तक्रार नाही. पाऊस लागल्यापासून जास्त होतंय.

दुकानात एसएमपीएसची हिरवी आणि काळी वायर जोडून तपासला. पंखा फिरला, पिवळी वायर १२.१ व्होल्ट, लाल ५.०६, नारिंगी ३.३४. म्हणाले सप्लाय ओके, बोर्ड गेला. पटत नाही. आणि कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

मीटरवाला

क्लिप लावून पंखा फिरला याचा अर्थ पंखा फिरतो, एवढाच. त्या चाचणीत लोड जवळजवळ नसतो. त्यात दुकानात पोचेपर्यंत आणि प्लग लावून गप्पा होईपर्यंत सप्लाय कोमट झालेला. तुमचा दोष थंडपणीचा आहे, तो तिथे दिसणारच नाही.

बोर्डाला दोष देण्याआधी जांभळी वायर बघा. स्टँडबायचे (कॉम्प्युटर बंद असतानाही मेन्स चालू असला की मिळणारे) ५ व्होल्ट तिच्यावर, २४ पिनी कनेक्टरची ९ नंबरची पिन. कनेक्टर बोर्डात बसलेलाच ठेवा, लाल प्रोब मागून वायरीशेजारी खुपसा, काळा प्रोब कुठल्याही काळ्या वायरीवर. मीटर डीसी २० व्होल्टवर. रात्रभर मेन्स बंद ठेवून सकाळी बटण लावताक्षणी एक रीडिंग, २० मिनिटांनी दुसरं. ४.७५ ते ५.२५ च्या आत हवं.

मग हिरवी, १६ नंबर, बोर्ड सप्लायला 'सुरू हो' सांगतो ती वायर. बंद असताना ती वर असते, बहुतेक ४-५ व्होल्ट. पॉवर दाबताच ०.८ च्या खाली यायला हवी. खाली आलीच नाही तर पुढचं बटण किंवा बोर्ड. बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडून बटणाचा संशय मिटवा. खाली आली आणि तरी पंखा थांबला, तर बोर्डाने आपलं काम केलंय.

करडी ८ नंबर, सप्लाय बोर्डाला 'सगळं ठीक' कळवतो ती वायर. सगळे व्होल्टेज जागेवर आले की १०० ते ५०० मिलिसेकंदांत ती ५ च्या आसपास चढते. ती चढत नाही तोवर प्रोसेसर रीसेटमध्येच अडकलेला असतो.

शेवटी सीपीयूचा ४ पिनी कनेक्टर काढून एकदा दाबा. तो काढल्यावर पंखा टिकत असेल तर मेन्स काढून बोर्डावरच्या त्या सॉकेटमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यातला रेझिस्टन्स मोजा. शून्याला टेकला असेल तर सीपीयूजवळचा मॉस्फेट (प्रोसेसरला वीज देणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहे आणि दुकानदार बरोबर.

दादर_७७५

आज सकाळी मोजलं. जांभळी लगेच ४.२, वीस मिनिटांनी ४.९. हिरवी ४.१ वरून ०.१ ला येते. थंड असताना करडी हलतच नाही. ४ पिनी काढून काही फरक नाही, तिथे शॉर्टही नाही.

तांब्याची_तार

मग बोर्ड सुटला. स्टँडबाय सर्किटमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलाय. सुकला की त्याचा ईएसआर (आतला रेझिस्टन्स) वाढतो, थंडीत आणखी. प्लग लावून ठेवला की आजूबाजूच्या उष्णतेने तो उतरतो, म्हणून वीस मिनिटांनी चालतं. या सप्लायमध्ये मुख्य पीडब्ल्यूएम आयसीही (सप्लायचे व्होल्टेज सांभाळणारी चिप) स्टँडबायच्याच छोट्या ट्रान्सफॉर्मरवर जगते. तिला पुरेसं मिळालं नाही की अर्धा फेरा आणि संपलं.

संशयित दोन. प्रायमरी (मेन्सकडच्या) बाजूला छोट्या ट्रान्सफॉर्मरजवळचा चिमुकला, बहुधा १० ते ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट. हा फुगत नाही, नुसता सुकतो, म्हणून नजरेतून सुटतो. दुसरा जांभळ्या वायरीच्या वाटेवरचा, १००० किंवा २२०० मायक्रोफॅरड, १० व्होल्ट. दोन्ही बदला. मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ डिग्री, लो ईएसआर. व्यास आणि उंची मोजून न्या, लॅमिंग्टन रोडला सुटे मिळतात. पट्टी असलेली बाजू निगेटिव्ह.

उघडण्याआधी: मोठ्या प्रायमरी कपॅसिटरांवर मिळून ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही राहू शकतात. प्लग काढा, थांबा, मोजा. १० व्होल्टच्या वर असेल तर १० किलो-ओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी १५ सेकंद लावा, परत मोजा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची मर्दुमकी नको. हे वाचून हात थरथरला तर खरंच उघडू नका.

जोडून झाल्यावर पहिली वीज ६० किंवा १०० वॅटच्या सिरीज बल्बमधून द्या, बोर्ड न जोडता. जुना फिलामेंटचा बल्ब, एलईडी नाही. क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. भक्क पेटून राहिला तर प्रायमरीत शॉर्ट, थांबा.

माझगाव_बेंच

दुरुस्ती बरोबर सांगितली आहे, पण मी हा सप्लाय ठेवणार नाही. ऑप्टोकपलर (आउटपुटचे व्होल्टेज प्रकाशाने मेन्सकडच्या बाजूला कळवणारा भाग) नसलेल्या जुन्या स्वस्त स्टँडबाय डिझाइनमध्ये तोच चिमुकला कपॅसिटर सुकला की उलटंही होतं: जांभळी खाली न जाता ५ च्या बरीच वर चढते आणि साउथब्रिज (बोर्डावरची एक मुख्य चिप) जाळते. तेव्हा 'रात्रभर मेन्स चालू ठेवला की चालतं' हा उपाय सगळ्यात महागडा. तोवर रात्री बटण बंदच करत जा.

नवा घेताना डब्यावरचे वॅट सोडा, लेबलवर १२ व्होल्टचे अँपिअर वाचा. ई७५०० चा टीडीपी (पूर्ण कामात निघणारी उष्णता, त्यावरून विजेचा अंदाज येतो) ६५ वॅट. डिस्क, रायटर, पंखे धरूनही १२ व्होल्टला १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॅट, भरपूर झाले. २०+४ कनेक्टर, सीपीयूचा ४+४ चालतो, अर्धाच लावा. मागे ११५/२३० चा लाल स्विच असेल तर प्लग लावण्याआधी २३० वर आहे ना ते बघा, नाहीतर पहिल्याच क्षणी धडाम.

जुना काढताना २४ पिनी सॉकेटवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसते का पाहा. आपल्या खाऱ्या दमट हवेत पिना गंजतात, आणि मग नव्या सप्लायलाही बोल लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, पूर्ण वाळल्यावरच जोडा.

मीटरवाला

मुंग्यांचं राहिलं. तो बिघाड नाही, अर्थिंग नाहीये. सप्लायच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटला जोडलेले असतात; अर्थ तुटला की कॅबिनेट मेन्सच्या निम्म्यावर, ११५ च्या आसपास तरंगतं. करंट नगण्य, म्हणून झटका नाही, मुंग्या. दोन पिनी अडॅप्टर असेल तर आधी तो फेका, आणि इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटची अर्थ तपासून घ्या.

दादर_७७५

अडॅप्टरच आहे, स्पाइक बस्टरच्या आधी. नवा सप्लाय घेतोय. घरच्या जुन्या यूपीएसवर चालेल ना?

माझगाव_बेंच

यूपीएस स्क्वेअर वेव्हचा (बॅटरीवर चौकोनी लहरींची वीज देणारा) असेल आणि सप्लाय अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा (मेन्सकडून घेतलेला करंट सुधारणारं सर्किट असलेला), तर बॅटरीवर जाताना कॉम्प्युटर बंद पडू शकतो. घेतल्या दिवशी रिकामी विंडोज चालू ठेवून यूपीएसचा प्लग पाच वेळा काढून बघा. पडला तर दुकानात बदलून घ्यायला वेळ राहतो.